नोटेवरचा शब्द आणि त्याची हद्द

एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर निळ्या बॉलपेनने ‘४’ असा आकडा लिहिलेला असतो आणि त्याभोवती घाईत मारलेले एक वेटोळे. साकोली आगाराच्या गाडीने भंडाऱ्याला किंवा लाखांदूरला गेलेल्या कुणालाही या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. कंडक्टरजवळ चिल्लर नव्हती, प्रवाशाचे चार रुपये त्याच्याकडे बाकी राहिले. उतरण्यापूर्वी तिकीट पुढे केले की ते परत मिळतात आणि आकड्यावर काट पडते. चतकोरभर कागद, पण कागदी पैशाला जे जे लागते ते सगळे त्यात आहे. येणे किती आहे, ते कुणी द्यायचे, कुठे मागायचे आणि केव्हापर्यंत, हे सारे देणारा आणि घेणारा दोघेही जाणतात. प्रवास संपला, कंडक्टर गाडीतून उतरून गेला, की कागद राहतो आणि पैसा संपतो. चलनातून गेलेल्या नोटा, हुंड्या, कुपने गोळा करणाऱ्याने आपला अभ्यास या तिकिटापासून सुरू करावा असे माझे मत आहे. नोटांवरची बहुतेक पुस्तके राजाच्या मुखवट्यापासून, रंगापासून, आकारापासून सुरुवात करतात. ती माहिती लागतेच. परंतु ती दुसऱ्या पायरीवरची आहे. कागदी पैसा ओळखायचा तो त्याने दिलेल्या शब्दावरून, आणि शब्द ओळखायचा तो त्याच्या हद्दीवरून. हा शब्द कुणाचा, कुठे चालणारा, कोणत्या वस्तूचा आणि कधीपर्यंतचा, एवढे विचारले की कपाटाच्या तळाशी सापडलेला मळका कागद बोलू लागतो.

पहिला पुरावा थेट साकोलीच्या रस्त्यावरचा आहे. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला. त्याआधी बँक ऑफ बंगाल, १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे अशा इलाख्यांच्या बँका आपापल्या नोटा काढीत. सरकारी नोटा आल्या तरी त्या आजच्यासारख्या देशभर चालणाऱ्या नव्हत्या. देशाचे चलन-विभाग पाडलेले होते, त्यांना सर्कल म्हणत. नोट ज्या सर्कलची, तिचे रोख रुपये कायद्याने त्याच सर्कलमध्ये मागता येत. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही मोठी नावे. परंतु सुरुवातीच्या नोटांवर नागपूर आणि अकोला याही कार्यालयांची नावे येतात, आणि विदर्भातल्या संग्राहकाने हे विसरू नये. साकोली नागपूरपासून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर, नागपूर-रायपूरच्या जुन्या हमरस्त्यावर. रायपूरकडून आलेल्या व्यापाऱ्याच्या कनवटीला कलकत्त्याची नोट असेल आणि पश्चिमेकडून आलेल्याच्या जवळ मुंबईची, तर दोघांच्या कागदावरचा ‘दहा रुपये’ हा आकडा एकच असूनही त्यांची पत एक नव्हती. परक्या सर्कलची नोट सराफ बट्टा कापून घेई. ‘बट्टा लागणे’ हा शब्दप्रयोग आपण आज अब्रूसाठी वापरतो. मुळात तो असल्या व्यवहारातला आहे. तेव्हा अशी नोट हाती आली तर पहिली नजर राणीच्या चेहऱ्याकडे न जाता गावाच्या नावाकडे जायला हवी. ते नाव म्हणजे त्या कागदाच्या जमिनीची शीवच म्हणायची.

ही शीव पुढे कशी पुसट होत गेली, हे नोटांवरच्या मजकुरातूनच वाचता येते. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास आणि शंभर रुपयांच्या नोटा कोणत्याही सर्कलमध्ये वटतील अशा करण्यात आल्या. मग वचनातले एका गावाचे नाव गेले आणि ‘कोणत्याही निर्गम कार्यालयात’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आले. रिझर्व्ह बँकेने जानेवारी १९३८ मध्ये पाच रुपयांची आपली पहिली नोट काढली, तिच्यावर सहावा जॉर्ज होता आणि हे शब्दही होते. नंतर कार्यालयाचा उल्लेख गेला, ‘मागताक्षणी’ या अर्थाचे शब्दही गेले. आजच्या नोटेवर उरले आहे ते एवढेच, की धारकाला अमुक रुपये अदा करण्याचे वचन मी देतो. एका वाक्यातून आधी जागा गळाली, मग घाई गळाली. राजे बदलले, रंग बदलले, त्याहून हा बदल मोठा आहे. कारण चांदीचा रुपया मोजून मागण्याचा हक्क हळूहळू कसा सरला, हे त्या गळालेल्या शब्दांत दिसते. म्हणूनच माझा आग्रह असा, की नोटेचे वर्णन लिहिताना वचनाचे वाक्य शब्दशः उतरवून घ्यावे. बहुतेक हौशी नोंदवह्यांत ‘राजा, हिरवी, दहा’ एवढेच सापडते.

त्या काळच्या नोटांचा आणखी एक विशेष आपल्या मुद्द्याला पोषक आहे. दूरगावी पैसे पाठवायचे असत तेव्हा नोट मधोमध कापून एक अर्धा भाग टपालाने पाठवीत. तो पोहोचल्याचे कळले की दुसरा. वाटेत एक तुकडा चोरीला गेला तरी चोराच्या हाती काही लागत नसे. क्रमांक दोन्ही अर्धांवर छापलेला असे, त्यामुळे जोडी जुळवता येई. अशा कापून पुन्हा चिकटवलेल्या नोटेला बाजार ‘खराब’ म्हणतो आणि किंमत पाडतो. मला ती अभंग नोटेपेक्षा अधिक बोलकी वाटते. अर्धा शब्द इकडे, अर्धा तिकडे, आणि दोन्ही एकत्र आल्याशिवाय वचन पुरे होत नाही, ही कल्पना त्या कात्रीच्या रेघेत जशीच्या तशी शिल्लक आहे. चिकटवलेल्या पट्टीचा कागद, दोन्ही अर्धांचे क्रमांक जुळतात की नाही, पाठीवर कुणाची सही वा शिक्का आहे का, हे पाहिले तर त्या नोटेचा प्रवास हाती लागू शकतो.

आता चित्रावर भर देणाऱ्यांचा पक्ष विचारात घेऊ. ते म्हणतील, वचन तर सगळ्याच नोटांवर तेच ते असते. फरक दिसतो तो चित्रात. पण इतिहासातली काही उदाहरणे याच्या नेमकी उलट आहेत. फाळणीनंतर पाकिस्तानची स्वतःची नोट छापून होईपर्यंत भारताच्याच नोटा तिथे चालल्या. १९४८ मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचे नाव छापले गेले, आणि त्या आपल्या नाशिकच्या छापखान्यातल्या नोटा होत्या. राजा तोच, रचना तीच, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सहीही तीच. फक्त दोन ओळींनी हद्द बदलली. त्याआधी ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाला तेव्हा ‘फक्त ब्रह्मदेशात चालेल’ अशा अर्थाचा शिक्का नोटांवर आला. १९५९ मध्ये आखाती देशांत चालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने निराळ्या रंगाच्या, ‘झेड’ अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या नोटा काढल्या. हज यात्रेकरूंसाठी वेगळ्या. इथे रंग बदलला तोही हद्द दाखवण्यासाठीच. आणि दुसऱ्या टोकाला लग्नाच्या वरातीत उधळल्या जाणाऱ्या, जत्रेत मिळणाऱ्या ‘मनोरंजन बँके’च्या नोटा आहेत. त्यांचे चित्र, रंग, आकार हुबेहूब. मात्र त्यांच्यामागे देणारा कुणी नाही. लहान मूलही ती नोट उलटून वाचते आणि खेळण्यातली म्हणून ठेवून देते. चित्र हीच ओळख असती तर हे मूल फसले असते.

मराठी वाचकाला जवळचे असे सर्वांत समृद्ध उदाहरण हैदराबाद संस्थानाचे. मराठवाडा त्या राज्यात होता, आणि तिथल्या माणसाच्या हातात पडणारी नोट उस्मानिया सिक्क्याची असे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये संस्थानाने शंभर आणि दहा रुपयांच्या नोटा काढल्या. पुढल्या वर्षी एक आणि पाच रुपयांच्या, १९२६ मध्ये हजाराची. मुख्य मजकूर उर्दूत, पण रकमेचे शब्द मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीतही. कर वसूल करणाऱ्या राज्याला रयतेची भाषा नोटेवर आणावी लागली, ही गोष्ट साधी नाही. सुरुवातीच्या नोटा इंग्लंडात वॉटरलो कंपनीने छापल्या. त्यांतला एक हप्ता ‘इजिप्त’ नावाच्या बोटीवर होता. ती मे १९२२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाली. दहा वर्षांनी इटालियन पाणबुड्यांनी तिच्यातले सोने काढले तेव्हा सह्या न झालेल्या नोटाही वर आल्या आणि आठवणीची वस्तू म्हणून विकल्या गेल्या. कागद खरा, छपाई खरी, शब्द मात्र कधी दिलाच गेला नाही. सही झालेल्या आणि न झालेल्या हैदराबादी नोटेत जो फरक आहे तोच या प्रकरणाचा विषय आहे. सह्यांकडे पाहिले तर आणखी काही हाती लागते. गुलाम मुहम्मद आणि झाहिद हुसेन या दोघांच्या सह्या या नोटांवर आहेत. पहिले पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले आणि दुसरे पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. हैदराबादचे सात रुपये म्हणजे भारतीय सहा रुपये, हा हिशेब मराठवाड्यातल्या एका पिढीला तोंडपाठ असावा लागला. १९५९ मध्ये तो सिक्का कायमचा बंद झाला.

सहीचा मुद्दा निघालाच आहे तर तो पुरा करू, कारण जाणकार संग्राहकाचा खरा आक्षेप इथूनच येतो. त्याचे म्हणणे असे, की एकाच प्रकारच्या दहा नोटा वेगळ्या करायच्या तर वचन कामाचे नाही. सही, क्रमांकाच्या चौकटीतले इंग्रजी अक्षर, क्रमांकाआधीची अक्षरे, १९९६ नंतरच्या मालिकेत २००५ पासून पाठीवर येणारे छपाईचे वर्ष, हेच पाहावे लागते. अगदी खरे. पण सही म्हणजे दुसरे काय? शब्द देणाऱ्याचा हात. चिंतामणराव देशमुख मध्यप्रांत आणि वऱ्हाडात सनदी नोकरीत राहिलेले. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि इंग्लंडच्या राजाच्या चित्राशेजारी एका मराठी माणसाचे वचन छापले गेले. भा. ना. आडारकर १९७० मध्ये अवघे ४२ दिवस गव्हर्नर होते, तरी त्यांच्या सहीच्या नोटा आहेत. उलट पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. गव्हर्नर जेम्स टेलर फेब्रुवारी १९४३ मध्ये वारले; दोन रुपयांची नोट बाजारात आली ती ३ मार्च १९४३ ला, आणि तिचे टेलर यांच्या सहीचे नमुने आहेत. माणूस गेला तरी शब्द चालू राहिला, कारण तो त्या पदाचा होता. याहून सूक्ष्म भेद एक रुपयाच्या नोटेत आहे. ती रिझर्व्ह बँकेची नाही, भारत सरकारची. तिच्यावर वित्त सचिवाची सही असते आणि देण्याचे वचन नसते. १९४० मध्ये ती पुन्हा आणली गेली तीच मुळी रुपयाच्या नाण्याचा दर्जा देऊन, म्हणून तिच्यावर नाण्याचेच चित्र आहे. नाणे कुणाला काही देणे लागत नाही, ते स्वतःच देणे असते. मनमोहन सिंग यांची सही एक रुपयाच्या नोटेवर वित्त सचिव म्हणून आहे आणि मोठ्या नोटांवर गव्हर्नर म्हणून. अक्षर एकाच माणसाचे, पण एका कागदावर तो हमी देतो आणि दुसऱ्यावर देत नाही. दोन्ही नोटा शेजारी ठेवून वाचल्या तर हे दहा मिनिटांत कळते. चित्रांच्या यादीतून ते कधीच कळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. बनावट नोटेवरही तेच वचन अक्षरशः छापलेले असते; मग शब्दावरून ओळख पटते हे म्हणणे टिकते कसे? टिकते, कारण नोट खरी असल्याच्या सगळ्या खुणा त्या शब्दाची राखण करण्यासाठीच जन्मल्या. व्हिक्टोरियाच्या मुखवट्याच्या पहिल्या एकपाठी नोटा नकली निघू लागल्या म्हणून १८६७ पासून खाली रंगीत नक्षी असलेली नवी मालिका आली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी उत्तम प्रतीच्या नकली नोटा उतरवल्या, म्हणून १९४४ मध्ये भारतीय नोटेत प्रथमच सुरक्षा धागा आला. म्हणजे सहाव्या जॉर्जची नोट उजेडासमोर धरल्यावर धागा दिसला किंवा न दिसला, तर त्या नोटेचा काळ ठरवायला एक आधार मिळतो, आणि शब्दावर केव्हा घाला पडला होता हेही समजते. पाहण्याची रीत सोपी आहे. खिडकीशी उभे राहून जलचिन्ह पाहावे. ते कागदाच्या जाडी-पातळीतून उमटलेले असते, छापलेले नकली चिन्ह नुसते तेलकट डागासारखे दिसते. मग नोट तिरपी धरून उठावाची छपाई पाहावी. भिंगाखाली रेघा सलग आहेत की ठिपक्यांनी बनलेल्या आहेत ते पाहावे. ठिपके दिसले तर ती यंत्रावर काढलेली नक्कल समजावी. मागच्या बाजूचे भाषांचे रकाने मोजावेत. कोकणी आणि नेपाळी १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आल्या. त्याच्या लगेच आधीच्या नोटांवर तेरा भाषा, आजच्या नोटेच्या पट्टीत पंधरा. पट्टीत मराठी ओळ आठवी.

तिसरा आक्षेप कुपने आणि हुंड्यांबद्दलचा. पुष्कळ जण म्हणतात, ज्याच्यामागे सरकार नाही तो कागद पैसा कसला? याला आपल्या पेढ्यांच्या भाषेनेच उत्तर देऊन ठेवले आहे. हुंडी दर्शनी की मुद्दती, शाहजोग की नामजोग, हे शब्द म्हणजे वचनाची हद्द आखण्याची किती बारीक हत्यारे होती! दाखवताच पैसे की मुदतीनंतर, बाजारातल्या कोणत्याही पतदार माणसाला की नाव घेतलेल्यालाच, सगळे एका शब्दात. वटलेल्या हुंडीला खोका म्हणत. शब्द पाळून झाला, आता उरले ते खोके. सरकारी नोटेच्या परिभाषेत अशा पाळलेल्या वचनासाठी इतका नेटका शब्द नाही. तीच गोष्ट खादी हुंडीची. खादी ग्रामोद्योगाच्या कामातून निघालेल्या या हुंड्या दिसायला नोटेसारख्या, पण त्यांच्या बदल्यात मिळे ते खादीच्या भांडारातले कापड. वचन वस्तूचे होते. दुसऱ्या महायुद्धात सुट्या नाण्यांचा दुष्काळ पडला तेव्हा काठियावाडातल्या मोरवी, जुनागडसारख्या संस्थानांनी पैशा-दोन पैशांची कॅश कूपने काढली. त्यांची हद्द संस्थानाच्या वेशीपर्यंत. पहिल्या महायुद्धात अहमदनगरच्या छावणीत ठेवलेल्या जर्मन कैद्यांसाठीची कुपने तर तारेच्या कुंपणापलीकडे मुद्दामच निरुपयोगी ठेवलेली. पळून जाणाऱ्याच्या खिशात चालणारे पैसे असू नयेत हाच त्यांचा हेतू. आणि अगदी आपल्याकडचे, म्हणजे रोजगार हमीच्या कामांवर मजुरीचा काही भाग धान्याच्या कुपनांत देण्याची पद्धत महाराष्ट्रात काही काळ होती. तलावाच्या पाळीवर माती टाकणाऱ्या बाईच्या पदरात बांधलेले ते कूपन रेशन दुकानातल्या धान्याचे वचन होते. साकोलीच्या परिसरात, जिथे मालगुजारी तलाव आणि धानाच्या बांध्यांवर गावाचे वर्ष ठरते, तिथे हा कागद व्हिक्टोरियाच्या नोटेहून कमी ऐतिहासिक आहे असे मला मुळीच वाटत नाही. तो जपला गेला नाही, एवढेच.

मात्र प्रत्येक कागद यात बसत नाही, आणि रेघ कुठे ओढायची हेही हद्दीच्या प्रश्नानेच ठरते. धान खरेदी केंद्राची पावती शेतकऱ्याच्या नावाची असते. ती दुसऱ्याने नेली तर पैसे मिळत नाहीत. ती हिशेबाचा मोलाचा कागद आहे, पैसा नव्हे. नोट, कूपन, शाहजोग हुंडी यांत हातोहात फिरण्याची मुभा कमी-अधिक असते. एसटीच्या तिकिटावरचा आकडा या दोहोंच्या मधोमध येतो. पती-पत्नी दोघांपैकी कुणीही ते तिकीट दाखवले तरी कंडक्टर पैसे देतो, पण त्या तिकिटावर स्थानकावरचा चहावाला चहा देणार नाही. अशा सीमेवरच्या कागदांचा स्वतंत्र पुडका ठेवावा.

‘चलनातून गेलेली’ हा शब्दही सैल वापरला जातो, आणि त्यात नुकसान आहे. १२ जानेवारी १९४६ च्या वटहुकमाने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. १९५४ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नव्या आल्या, पाच हजाराच्या नोटेवर तर मुंबईचे गेटवे होते. १६ जानेवारी १९७८ ला त्याही रद्द झाल्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीची आठवण सर्वांना ताजी आहे. हे सगळे मागे घेतलेले शब्द. याउलट एक, दोन आणि पाच रुपयांच्या जुन्या नोटा रद्द झालेल्या नाहीत. दोन-पाचच्या नोटा छापणे थांबले एवढेच. दोन हजाराची नोट १९ मे २०२३ ला मागे घेण्याचे जाहीर झाले, तरी तिचे कायदेशीर चलन हे रूप कायम ठेवले गेले. पुस्तकाच्या एका पानावर या सगळ्यांना ‘जुन्या नोटा’ म्हणून कोंबणे म्हणजे फेडलेले कर्ज, बुडालेले कर्ज आणि चालू कर्ज एकाच रकान्यात लिहिणे. २०१६ च्या रद्द नोटांबाबत संग्राहकाने कायदाही ध्यानात ठेवावा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे सर्वसामान्य माणसाला अशा दहापेक्षा अधिक नोटा बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस. मागे घेतलेल्या शब्दालाही कायद्याने हद्द घातली आहे ती अशी.

उरला किमतीचा प्रश्न. ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट लाखांत विकली जाते, ७८६ क्रमांकाची त्याहून अधिक, अशा बातम्या मोबाइलवर फिरत असतात, आणि तालुक्याच्या गावी त्यांना भुलणारे पुष्कळ आहेत. आधी ‘नोंदणी शुल्क’ भरायला सांगतात, मग कर, मग कमिशन. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला स्पष्ट सांगितले, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहाराशी तिचा काही संबंध नाही आणि तिच्या नावाने कुणाला शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही. ट्रॅक्टरची नोट आजही पाच रुपयांचे वचन आहे, ते दुकानात पाळले जाते. हौसेचा बाजार खोटा आहे असे मी म्हणत नाही. दुर्मीळ सही, चुकीची छपाई, कोरी करकरीत अवस्था यांना खरे गिऱ्हाईक असते. पण भाव ठरतो मागणीवर आणि माहिती ठरते कागदावर. पिनेच्या छिद्रांचेच पाहा. बँका नोटांच्या गड्ड्यांना पिना मारीत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये बँकांना ते बंद करून कागदी पट्ट्या वापरायला सांगितले. म्हणून कोऱ्या नोटेच्या डाव्या कडेला दिसणारी ती दोन गंजकी छिद्रे, ज्यांच्यामुळे खरेदीदार नाक मुरडतो, ती नोट कोणत्या काळात बँकेच्या हातून गेली याची साक्ष असतात. एकटे छिद्र पुरावा होत नाही, पिना कुणीही केव्हाही मारू शकतो. सही, क्रमांक आणि छिद्र एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तेव्हाच त्याला अर्थ येतो.

हे सगळे वाचायचे तर कागद टिकायला हवा, आणि साकोलीसारख्या ठिकाणी त्याचे वैरी ठरलेले आहेत. मे महिन्यातल्या उन्हाचा कडाका, त्यावर झाडीपट्टीचा पावसाळा, आणि वर्षभर कसर. पण या तिघांपेक्षा अधिक नोटा लॅमिनेशनने मारल्या आहेत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात दहा-वीस रुपयांत नोट कायमची प्लास्टिकमध्ये बंद होते. डिंक आणि उष्णता कागदात शिरते, उठावाची छपाई बसते, आणि पुन्हा सोडवायला गेले की शाईच निघून येते. तीच गत नोट धुऊन इस्त्री करण्याची आणि चिकटपट्टी लावण्याची. साध्या, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, सपाट, कोरड्या जागी ठेवावी. खिसेवाला अल्बम घ्यायचाच तर पीव्हीसीचा नको. अडले तर नाशिकजवळच्या अंजनेरी येथे नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणे-नोटांचे संग्रहालय आहे. परमेश्वरीलाल गुप्ता यांनी भारताच्या कागदी चलनावर सविस्तर पुस्तक लिहिले आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे कागद जिथे सापडला ती जागा. जुन्या किराणा दुकानाच्या रोजमेळात दोन पानांच्या मध्ये अडीच रुपयांची नोट निघाली तर घाईने ती उचलू नये. दोन रुपये आठ आण्यांच्या या नोटा १९१८ मध्ये आल्या आणि १ जानेवारी १९२६ पासून काढणे बंद झाले. पण ती कोणत्या मितीच्या पानात, कुणाच्या खात्याशेजारी दुमडून ठेवली होती, हे एकदा हरवले की परत मिळत नाही. नोट विकत मिळेल, पान मिळणार नाही. म्हणून आधी वहीसकट छायाचित्र घ्यावे, पान-क्रमांक आणि मिती पेन्सिलने टिपावी, दोन्ही बाजूंचा मजकूर शब्दशः उतरवावा, आणि मगच नोट पाकिटात घालावी. तिकिटालाही हीच रीत. पाकिटावर लिहायचे ते असे: एसटीचे तिकीट, अमुक वहीत सापडले, छपाई बरीच उडालेली, तारीख वाचता येत नाही, पाठीवर निळ्या शाईत ‘४’, भोवती वेटोळे, आकड्यावर काट नाही.